चोकवर चालणाऱ्या दुचाकींची दखल घ्या

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत डिसेंबरच्या पहाटे किंवा जुलैच्या ओल्या सकाळी दुचाकी सुरू करताना चोक ओढण्यात काहीच गैर नाही. चोक त्याचसाठी असतो. गार इंजिन पेटवायचे, ते जरा तापले की चोक बंद करायचा आणि निघायचे. गैर आहे ते त्यानंतरचे. अनेक जुन्या मोटरसायकली चोक अर्धवट ओढूनच कशेळ्याहून कर्जत स्टेशनपर्यंत आणि चौकहून खोपोलीच्या कारखान्यांपर्यंत धावतात. चोक सोडला की गाडी बंद पडते, म्हणून तो सोडायचाच नाही, असा तोडगा चालकाने काढलेला असतो. काही गाड्यांची तऱ्हा याच्या उलट असते. चोकचा खटका मिटलेला दिसतो, पण कार्बोरेटरच्या आत चोक पुरता बसलेला नसतो, आणि धुराचे व पेट्रोलचे खापर मालक गाडीच्या वयावर फोडतो. या दोन्ही गोष्टी आपण जुन्या गाडीचे स्वाभाविक लक्षण म्हणून मान्य करून टाकल्या आहेत. त्या तशा नाहीत. चोकवर चालणारी गाडी म्हातारी नसते, आजारी असते. तिचा आजार ओळखता येतो, बहुतेक वेळा तो तासाभराच्या कामाने बराही होतो. तो ओळखण्याची आणि बरा करण्याची सोय गावागावांत असणे ही केवळ मालकाची खासगी बाब नाही, ते सार्वजनिक काम आहे.

मुंबई-पुण्यापेक्षा या दोन तालुक्यांना हा प्रश्न अधिक भिडतो, कारण इथे दुचाकी हीच प्रवासाची शेवटची कडी आहे. कर्जतपर्यंत लोकल येते. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली या फाट्यावरही लोकल धावते, पण मोजकी. रेल्वेच्या रुळांपासून बाजूला असलेली कडाव, खांडस, वावोशीकडची गावे आणि डोंगराच्या कुशीतल्या ठाकूर-कातकरी वाड्या एसटीच्या वेळापत्रकावर आणि वडाप रिक्षांवर अवलंबून असतात. मिनिडोरसारख्या डिझेल गाड्यांना चोक नसतो, त्यांचा प्रश्न वेगळा. पण रात्रपाळी संपवून परतणारा कामगार, पहाटेची गाडी पकडणारा नोकरदार, दुधाचे कॅन लावून निघालेला शेतकरी या सगळ्यांच्या हाताशी असते ती मोटरसायकल, आणि पुष्कळदा ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातातली असते. म्हणजेच ती कार्बोरेटरची असते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींत कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. तिथे चोकचे काम संगणक करतो. मात्र मार्च २०२० पर्यंत विकल्या गेलेल्या बहुतांश दुचाकी कार्बोरेटरच्याच होत्या. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तपासणीनंतर ती पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. याचा साधा हिशेब असा की कार्बोरेटरच्या गाड्या किमान २०३५ पर्यंत कायदेशीरपणे रस्त्यावर राहणार आहेत. इतका काळ राहणाऱ्या वस्तूची निगा हा कालबाह्य विषय ठरत नाही.

चोक नेमके काय करतो हे समजले की पुढचा मुद्दा स्पष्ट होतो. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते. पण इंजिन गार असते तेव्हा पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते नळीच्या भिंतींना थेंबाथेंबाने चिकटते, आणि प्लगपाशी पोहोचणाऱ्या मिश्रणात पेट्रोल कमी पडते. ही तूट भरून काढायला थोडा वेळ जास्त पेट्रोल द्यावे लागते. ते देण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत कार्बोरेटरच्या तोंडाशी एक गोल झडप असते. ती मिटली की हवा अडते आणि इंजिनाची ओढ जेटमधून जास्त पेट्रोल खेचते. दुसरीत हवा अडवली जात नाही. एक छोटा प्लंजर वर उचलला जातो आणि पेट्रोलची वेगळी वाट मोकळी होते. जुन्या चेतकच्या सीटखालचा खटका ओढला की हेच घडायचे. प्लंजरच्या टोकाला रबराची लहानशी चकती असते, वर स्प्रिंग असते आणि तो केबलने ओढला जातो. चकती झिजली, केबल गंजून अडकली किंवा नवी केबल टाकताना ती गरजेपेक्षा ताणून बसवली, तर खटका मिटूनही प्लंजर तळाला टेकत नाही. म्हणून केबल बदलल्यावर चोक पूर्ण बंद असताना तिच्यात जरासा सैलपणा आहे की नाही हे बोटाने पाहायचे असते. ही तपासणी क्षणभराची आहे, आणि चोकची केबल ही गाडीतल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे. तरीही या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले की गाडी महिनोन्महिने जास्तीचे पेट्रोल पिते.

इथेच दोन परस्परविरुद्ध आजारांतला फरक लक्षात घेतला पाहिजे. चोक आत अडकलेल्या गाडीला पेट्रोल जास्त होते. तिचा प्लग काढला तर तो काजळीने काळा झालेला दिसतो, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, ॲव्हरेज पडते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते आणि खाली ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करते. पिस्टन आणि रिंगा लवकर झिजतात. चोकशिवाय चालतच नाही अशा गाडीला मात्र पेट्रोल कमी पडत असते. तिचा प्लग पांढुरका पडतो, आयडलिंग टिकत नाही, रेस दिली की ती आधी अडखळते आणि मग उचलते. कारण बहुतेक वेळा स्लो-जेट, म्हणजे आयडलिंगचे पेट्रोल पुरवणारे बारीक भोक, तुंबणे हे असते, नाहीतर कार्बोरेटर आणि इंजिन यांमधल्या रबरी जोडाला तडा जाऊन तिथून हवा शिरणे, कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल राखणाऱ्या फ्लोटची पातळी खाली असणे किंवा पेट्रोलच्या कॉकची जाळी भरणे. निरोगी गाडीचा प्लग कॉफीच्या रंगाचा असतो. म्हणजे एका प्लगच्या रंगावरून आजाराची दिशा कळते. पण चालकाला तो रंग कोणी सांगत नाही, आणि तो चोकची कुबडी देऊन गाडी पुढे रेटतो. अशी गाडी सपाटीवर कशीबशी चालते, पण वेग घेतला की अर्ध्या ओढलेल्या चोकमुळे तिला गरजेपेक्षा फार जास्त पेट्रोल जाऊ लागते. दुचाकींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बंदी असल्यामुळे त्या खोपोलीहून जुन्या रस्त्याने घाट चढतात. खंडाळ्यापर्यंतच्या सुमारे ५०० मीटर उंचीच्या चढावर हवा विरळ होत जाते, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण आणखी वाढते, आणि नेमकी जिथे ताकद हवी तिथे गाडी गुदमरते.

गेल्या काही वर्षांत यात एक नवे कारण आले आहे, ते म्हणजे बदललेले पेट्रोल. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये सरासरी २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले. उसाच्या महाराष्ट्राला या धोरणाचा लाभ आहे आणि परकीय तेलावरचे अवलंबित्व कमी करण्याचा हेतूही रास्त आहे. पण इथेनॉलचे गुणधर्म वेगळे आहेत हे नाकारता येत नाही. त्याच्या वजनाचा सुमारे ३५ टक्के भाग ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते जळायला हवा कमी लागते: शुद्ध पेट्रोलला १४.७ पट, तर २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५ पट. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला सेन्सर नसतो; जेटचे भोक जेवढे तेवढेच पेट्रोल येणार. जी गाडी आधीच स्लो-जेटमधल्या कचऱ्यामुळे कमी पेट्रोलवर चालत होती, तिला हा फरक जाणवतोच. शिवाय वाफ होण्यासाठी इथेनॉलला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, म्हणून गार सकाळी अशी गाडी पेटायला कुरकुर करते आणि चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो. त्यात आपल्याकडचा पाऊस. सह्याद्रीच्या पायथ्याशी चार महिने हवा दमट असते, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत थोडेच पेट्रोल असलेली गाडी आठवडेच्या आठवडे उघड्यावर उभी राहिली, झाकणाच्या जुन्या रबरातून पाणी झिरपले, की एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात. कॉक नेमका तळातूनच पेट्रोल घेतो. मग गाडी बंद पडते, चालक चोक ओढतो, आणि मूळ कारण तसेच राहते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सरकारने तर या पेट्रोलने नुकसान होत नाही असे सांगितले आहे. हा आक्षेप मी बाजूला सारत नाही, उलट सरकारच्याच कागदांवर बोट ठेवतो. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात जुन्या रचनेच्या दुचाकींचे ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये खुलासा करताना जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरच्या वापरानंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, ते स्वस्त असतात आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये बदलता येतात, असे म्हटले आहे. ही मांडणी मान्य केली तरी प्रश्न उरतोच: नेहमीचे सर्व्हिसिंग कुठे होते? कंपनीचे सर्व्हिस सेंटर आहे त्या शहरात ते होत असेल. खांडसच्या किंवा वावोशीच्या मोटरसायकलचे सर्व्हिसिंग रस्त्याकडेच्या गॅरेजात होते, आणि या गॅरेजपर्यंत बदललेल्या पेट्रोलची, कोणते रबर बदलायचे याची, मिश्रण कसे जुळवायचे याची माहिती पोहोचवणारी कोणतीही व्यवस्था नजरेस येत नाही. नुकसान किरकोळ आहे हे खरे धरले, तर ते किरकोळ ठेवण्यासाठी लागणारी दुरुस्तीही हाताशी हवी. धोरणाचा लाभ सर्वांचा आणि त्याची झळ ज्याची गाडी जुनी त्याची, ही वाटणी न्याय्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या गाड्या मोडीत काढाव्यात, लोकांनी विजेच्या दुचाकी घ्याव्यात, चोक आणि कार्बोरेटरवर शक्ती खर्च कशाला करायची, असे पर्यावरणाची खरी काळजी असलेले लोकही विचारतात. विजेच्या दुचाकी वाढाव्यात याबद्दल दुमत नाही. पण ज्याने वीस-पंचवीस हजारांत जुनी मोटरसायकल घेतली आहे, तो उद्या लाखाची नवी गाडी घेणार नाही. त्याची गाडी काढून घेतली तर त्याचा रोजगार तुटेल. आणि तो गाडी बदलेल त्या दिवसापर्यंत तिच्या सायलेन्सरमधून जे बाहेर पडेल ते आपण सगळेच श्वासात घेणार आहोत. चोक अडकलेल्या गाडीतून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल नीट जुळवलेल्या गाडीच्या कितीतरी पट बाहेर पडते. तिच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर जास्तीच्या पेट्रोलाने तोही तापून निकामी होतो. म्हणून गाडी बदलण्याची वाट पाहत राहण्यापेक्षा आहे ती गाडी दुरुस्त करणे हा स्वच्छ हवेचा सर्वांत स्वस्त आणि लगेच फळ देणारा उपाय आहे. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

हा उपाय राबवण्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही, कारण एक यंत्रणा प्रत्येक गाडीला ठरावीक मुदतीने तपासतेच. ती म्हणजे पीयूसी. गाडी आयडलिंगवर असताना सायलेन्सरमध्ये नळी घालून दोन आकडे घेतले जातात: कार्बन मोनॉक्साइडचे शेकडा प्रमाण आणि हायड्रोकार्बनचे, म्हणजे न जळलेल्या पेट्रोलचे, दशलक्षात प्रमाण. २००० सालानंतर बनलेल्या कार्बोरेटरच्या फोर-स्ट्रोक दुचाकींसाठी नियमातली मर्यादा अनुक्रमे ३.५ टक्के आणि ४५०० आहे. मालक यातले काहीच वाचत नाही. प्रमाणपत्र मिळाले, दंड टळला, एवढाच त्याचा संबंध. वास्तविक हे दोन आकडे एकत्र वाचले तर ते डॉक्टरी तपासणीइतके बोलके आहेत. कार्बन मोनॉक्साइड भरपूर असेल तर गाडीला पेट्रोल जास्त होते आहे: चोक अडकला असेल, एअर फिल्टर तुंबला असेल किंवा मिश्रणाचा स्क्रू चुकला असेल. कार्बन मोनॉक्साइड अगदी कमी आणि हायड्रोकार्बन मात्र चढलेले असेल, तर पेट्रोल कमी पडून गाडी मिसिंग मारते आहे: स्लो-जेट आणि रबरी जोड पाहायला हवा. म्हणजे रोगाचे निदान त्या कागदावर आधीच छापलेले असते, फक्त ते सांगण्याची जबाबदारी कोणावर नाही. पीयूसी केंद्राने प्रमाणपत्राबरोबर मराठीत दोन ओळींचा सल्ला द्यावा, आणि मर्यादेच्या काठावर असलेल्या गाडीला कार्बोरेटर तपासून घेण्याची सूचना करावी, असा आदेश परिवहन विभाग काढू शकतो. यात दंडाची भाषा नको. दंडाच्या भीतीने लोक गाडी दुरुस्त करत नाहीत, कागद मिळवण्याची वाट शोधतात.

निदानानंतर हात लागतात ते गॅरेजवाल्याचे. आपल्या गावाकडच्या मेस्त्रींच्या हातात कौशल्य आहे, याबद्दल शंका नाही. पण ते बहुतेकांनी उस्तादाकडे बघून मिळवलेले आहे, आणि त्यातल्या काही सवयी घातक आहेत. स्लो-जेट तुंबला की त्यात बारीक तार घालून फिरवली जाते. त्या जेटचे भोक कारखान्यात बारकाईने मोजून पाडलेले असते. तारेने ते ओरखडले, किंचित मोठे झाले, की मिश्रण कायमचे बिघडते. त्याऐवजी कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब वापरायचा, आणि तरीही साफ न झाल्यास त्याच क्रमांकाचा नवा जेट टाकायचा. मिश्रणाच्या स्क्रूचेही तसेच. काही कार्बोरेटरमध्ये तो आत फिरवला की पेट्रोल वाढते, काहींमध्ये कमी होते. कंपनीने ठरवलेले फेरे ठाऊक नसतील तर सगळा खेळ कानाच्या अंदाजावर चालतो. हे फेरे, जेटचे क्रमांक आणि फ्लोटची पातळी ही माहिती कंपन्यांकडे आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, ते नेमके अशा माहितीसाठी. जुन्या मॉडेलांचे तपशील मराठीत तिथे मिळणे ही अवाजवी अपेक्षा नाही.

पण नुसती माहिती पुरत नाही, ती हाताने शिकवावी लागते, आणि त्याची जागा म्हणजे आयटीआय. तिथे संपत चाललेले तंत्र शिकवून मुलांचे नुकसान होईल, हा शेवटचा आक्षेप. तो वरवर पटणारा असला तरी टिकत नाही. इंजेक्शनच्या गाडीतला संगणक जे करतो ते हेच आहे: इंजिन गार असेल तर पेट्रोल वाढवायचे, तापले की कमी करायचे, हवा विरळ झाली की प्रमाण बदलायचे. ज्या मुलाने कार्बोरेटर उघडून चोक, स्लो-जेट आणि फ्लोट यांचे नाते हाताने समजून घेतले, त्याला सेन्सरचा बिघाड समजायला सोपा जातो; जो फक्त स्कॅनरवरचा कोड वाचतो, तो सुटे भाग बदलत राहतो. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक टू अँड थ्री व्हीलर’ हा अभ्यासक्रम आहेच. जिल्ह्यातल्या शासकीय आयटीआयनी त्याच्या जोडीला गावोगावच्या गॅरेजवाल्यांसाठी चार-पाच दिवसांचे वर्ग घ्यावेत, एका बाजूला कार्बोरेटर आणि दुसऱ्या बाजूला इंजेक्शन ठेवून. त्यातून शिकलेला मेस्त्री आजच्या गाड्या सुधारेल आणि उद्याच्या गाड्यांसाठी तयार होईल. नाहीतर कार्बोरेटरच्या गाड्या संपतील तेव्हा त्याचे दुकानही संपेल.

परिवहन विभाग, आयटीआय आणि कंपन्या आपले काम करतील तेव्हा करतील; मालकाला मात्र उद्या सकाळीच सुरुवात करता येईल. गाडी तापल्यावर चोक पूर्ण बंद करा आणि ती आयडलिंगवर टिकते का पाहा. टिकत नसेल तर चोक ओढून निघू नका, गॅरेजात न्या. ‘चोकशिवाय चालत नाही’ असे मेस्त्रीला सांगा, प्लगचा रंग स्वतः पाहा, स्लो-जेटमध्ये तार घालू देऊ नका. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवू नका, झाकणाचे रबर बदला, आणि महिन्यातून एकदा फ्लोटच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढून टाका. पुढच्या वेळी पीयूसी काढाल तेव्हा कागदावरचे दोन आकडे विचारून घ्या. तुमचे पेट्रोल वाचेल, इंजिन टिकेल, आणि तुमच्या मागून येणाऱ्याला स्वच्छ हवा मिळेल.